चित्राचा नाद

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी यवत ओलांडून चौफुल्याच्या रोखाने जाऊ लागला म्हणजे वाटेत भांडगाव लागते. एका अंगाला भुलेश्वराचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भीमेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेली शेती आणि मधून अहोरात्र वाहणारा हमरस्ता, असा हा दौंड तालुक्याचा प्रदेश. डोंगरावरचे भुलेश्वराचे देवालय यादवकालीन. पुढे सोळाव्या शतकात हा सारा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमलाखाली होता. आणि शेजारच्या चौफुल्यास लावणीच्या संगीतबाऱ्यांचा राबता आजही आहे. वरवर पाहता एकमेकींशी संबंध नसलेल्या या तीन गोष्टी मी एकत्र मांडतो याला कारण आहे. अमूर्त चित्रासमोर बसून, त्यातील रंगरेषांचा कानाने शोध घेऊन, त्या चित्राला नादाचे रूप देऊ पाहणारे जे ध्वनिकलावंत अलीकडे जगभर पुढे आले आहेत, त्यांच्या उद्योगाकडे आपल्याकडे पश्चिमेचे एक नवे खूळ म्हणून पाहिले जाते. परंतु रंगाला स्वर कसा उत्तर देतो, हा त्यांचा मूळ प्रश्न या भूमीला परका नाही. यादवांच्या दरबारातील ग्रंथात, सुलतानांच्या पदरी असलेल्या चितारींच्या कामात आणि बैठकीच्या लावणीत त्याचा पूर्वेतिहास विखुरलेला आहे, आणि तो एकदा सलग पाहावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला, बाप सोढल यादवांच्या चाकरीत स्थिरावला, आणि शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या श्रीकरणाचा, म्हणजे जमाखर्च आणि लेखनव्यवहार पाहणाऱ्या खात्याचा प्रमुख झाला. हिशेबाच्या या माणसाने सात अध्यायांचा जो ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्याच्या आधाराशिवाय हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोहोंपैकी कोणत्याही पद्धतीचा शास्त्रविचार आज उभा राहू शकत नाही. त्या ग्रंथात स्वरांचे कुल, त्यांच्या देवता, ऋषी, छंद आणि रस सांगता सांगता शार्ङ्गदेव त्यांचे रंगही सांगतो. षड्ज कमळासारखा आरक्त, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद अनेक रंगांचे मिश्रण असलेला, असा तो क्रम आहे. षड्ज मोराच्या केकेत, पंचम कोकिळेच्या कूजनात आणि निषाद हत्तीच्या बृंहितात ऐकू येतो, हेही त्याच ओघात येते. दफ्तरातल्या माणसाला शोभेल अशा नेटकेपणाने आखलेला हा तक्ता वाचताना मन प्रसन्न होते. पण त्याचा उपयोग कसा करायचा हे मात्र तो ग्रंथ सांगत नाही. एखाद्या भिंतीवर पिवळा रंग दिसला म्हणून गवयाने धैवत लावावा, आणि काळा दिसला म्हणून पंचमावर ठाण मांडावे, असे कोणी करू लागला तर त्यातून गाणे निष्पन्न होणार नाही. तक्ता हा तक्ताच राहील. शार्ङ्गदेवाला हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. स्वर हा केवळ कानाचा विषय नसून सबंध सृष्टीत त्याची पाळेमुळे पसरली आहेत, एवढे त्याला सांगायचे होते, आणि ते त्याने आपल्या परीने सांगितले.

त्यानंतरच्या तीनशे वर्षांत या विचाराने निराळे वळण घेतले. एकेका सुट्या स्वराऐवजी सबंध रागालाच देह, वेष, वय आणि मनोवस्था देण्याची प्रथा ग्रंथकारांत रूढ झाली. क्षेमकर्णाने 1570 मध्ये रेवा येथे आपली ‘रागमाला’ रचली, आणि तीत सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिणी आणि आठ पुत्र असा चौऱ्यांशी जणांचा परिवार मांडला. खानदेशच्या फारुकी दरबारात बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिणाऱ्या पुंडरीक विठ्ठलाचीही याच नावाची एक रचना 1576 ची आहे. भैरव म्हणजे भस्म चर्चिलेला शिव, हिंदोल म्हणजे झोपाळ्यावर बसलेला विलासी नायक, तोडी म्हणजे वीणा हाती घेऊन रानात उभी असलेली, जिच्या सुरांनी हरिणे जवळ आली आहेत अशी एकाकी स्त्री, आसावरी म्हणजे नागांच्या संगतीत बसलेली वनवासिनी: ही ध्याने श्लोकांत बांधली गेली, आणि चित्रकारांना एक अक्षय विषय मिळाला.

अहमदनगरची चित्रकला आज फार थोडी शिल्लक आहे, पण जी आहे तिचा एक अमोल नमुना आपल्या पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. पहिल्या हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर आफताबी नावाच्या कवीने रचलेले ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे फारसी काव्य 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर थोड्याच काळात चित्रांसह लिहिले गेले. त्यातील चौदा चित्रांपैकी बारा उरली आहेत, आणि त्यांतही काहींमधून शहाची बेगम खुंजा हुमायूँ हिची आकृती कोणीतरी मागाहून पुसून टाकलेली आहे. दरबाराच्या आणि युद्धाच्या प्रसंगांतही स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरून येतो हा भारतीय काव्यातला जुना संकेत तिथल्या चित्रकाराने मोठ्या लाघवाने आणला आहे. इराणी धाटणीचा कारागीर आणि दख्खनी मातीतली कल्पना यांचा असा मेळ ज्या दख्खनमध्ये पडला, तिथेच पुढच्या पिढीत रागमालेची पाने रंगली.

सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतली ही दख्खनी रागमालेची पाने पुढे बिकानेरच्या राजसंग्रहात सापडली. औरंगजेबाच्या फौजेबरोबर दक्षिणेत मोहिमा करणारा बिकानेरचा महाराजा अनूपसिंह हा ग्रंथांचा आणि संगीताचा मोठा व्यासंगी होता. त्याच्याच आश्रयाला असलेल्या भावभट्टाने संगीतावर ग्रंथ लिहिले. आणि दक्षिणेतून गेलेल्या लुटीच्या आणि खरेदीच्या मालाबरोबर ही चित्रेही बिकानेरला पोचली असावीत. ती अहमदनगरची की विजापूरची, की उत्तर दख्खनच्या दुसऱ्याच एखाद्या ठाण्यातली, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. मात्र त्यांच्या माथ्यावर देवनागरीत लिहिलेले संस्कृत श्लोक आहेत, यावरून ती करवून घेणारा किंवा पाहणारा रसिक कोण असेल याची कल्पना करता येते. त्यांतले हिंदोलाचे पान पाहावे. झोपाळा आहे, नायक आहे, भोवती स्त्रिया आहेत, त्यांच्या तलम वस्त्रांची टोके हवेत धारदार होऊन उडत आहेत. आणि या साऱ्यामागे एकच गाढ, सपाट, न विरणारा रंग पसरला आहे. नजर आकृतींवरून फिरते आणि पुन्हा त्या पार्श्वभूमीवर येऊन टेकते, तानपुऱ्याच्या षड्जावर गवई टेकतो तशी. शार्ङ्गदेवाचा तक्ता हाताशी धरून चित्रकाराने येथे रंग भरलेले नाहीत. वसंत ऋतू, दिवसाचा प्रहर आणि मनाचा हिंदोळा यांची खूण त्याने दिली, आणि बाकीचे पाहणाऱ्याच्या कानावर सोपवले.

कारण ही चित्रे मुकी असली तरी एकटी नव्हती. श्लोक वाचायचा, चित्र पाहायचे, आणि तो राग ज्याने कधी दरबारात किंवा घरच्या बैठकीत ऐकला आहे त्याने तो मनात जागा करायचा, अशी ही त्रिविध रचना होती. तीमधले एक अंग गेले तर उरलेल्या दोहोंना पंगुत्व येते. आज संग्रहालयाच्या काचेआड हे पान पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना श्लोक वाचता येत नाही, आणि चारशे वर्षांपूर्वी हिंदोल या नावाने काय गायले जात होते ते तर कोणालाच ऐकता येणे शक्य नाही. म्हणून ते चित्र सुंदर वाटूनही अर्धेच पोचते. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा, ज्याने ‘किताब-ए-नवरस’ मधील आपली पदे रागवार लावली आणि त्यांत रागांची शब्दचित्रेही काढली, त्याला हे तिहेरी नाते जितके उमगले होते तितके त्याच्या समकालीन राजांत क्वचितच कोणाला उमगले असेल.

दरबार गेले, तरी नादाचे दृश्य करण्याची ही विद्या महाराष्ट्रातून गेली नाही. ती लावणीच्या बैठकीत उतरली. बैठकीची लावणी बसून गातात. कलावंतीण एकच ओळ पुनःपुन्हा घेते, आणि दर वेळी त्या ओळीचा निराळा अर्थ भुवईने, बोटांनी, मानेच्या किंचित कलण्याने दाखवते. याला अदा म्हणतात. सत्यभामाबाई पंढरपूरकरांसारख्या थोर गायिकांनी ही विद्या विसाव्या शतकात जिवंत ठेवली, आणि चौफुल्यासारख्या ठिकाणी, जिथे संगीतबारीच्या कलाकेंद्रांत ढोलकी आणि पेटीच्या साथीने फड रंगतो, तिथे तिचा अंश अद्याप पाहायला मिळतो. भांडगावच्या आसपासच्या कित्येक पिढ्यांना स्वराचे चित्र कसे होते हे ठाऊक आहे ते कोणत्याही ग्रंथावाचून, या अदांमुळे. आपल्या कलासमीक्षेने या गोष्टीची दखल जितकी घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही, हे मला मोठे न्यून वाटते.

शास्त्राच्या बाजूने मात्र रागरागिणीच्या या संसाराला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी निरोप दिला. प्रत्यक्ष गायले जाणारे स्वर आणि पती, पत्नी, पुत्र हे काल्पनिक नाते यांचा काही मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते रास्त होते. दहा थाटांची त्यांची व्यवस्था स्वरांच्या हिशेबावर उभी आहे. तीत झोपाळा नाही, हरिणे नाहीत, नागही नाहीत. संगीताच्या अभ्यासाला त्यामुळे शिस्त आली. त्याच वेळी चित्र आणि राग यांच्यामधला जुना दुवा विद्यालयांतून नाहीसा झाला, आणि चित्रकाराला संगीताकडे जायचे तर आता दुसरी वाट शोधणे भाग पडले.

ती वाट योगायोगाने युरोपात त्याच सुमारास उघडत होती. 2 जानेवारी 1911 रोजी म्युनिकमध्ये आर्नोल्ड शॉनबर्गच्या रचनांची मैफल वासिली कांडिन्स्कीने ऐकली, आणि लगेच तिच्या स्मृतीने एक चित्र काढले, ज्यात पियानोचे काळे पाते पिवळ्या रंगाच्या लोटात जवळजवळ बुडून गेले आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात पिवळ्याला कर्ण्याचा, फिकट निळ्याला बासरीचा आणि गडद निळ्याला चेलोचा आवाज आहे असे प्रतिपादन केलेले आढळते. आपल्या शार्ङ्गदेवाची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. पण कांडिन्स्कीहून मला या बाबतीत पाउल क्ले अधिक जवळचा वाटतो. संगीतज्ञांच्या घरात वाढलेला, स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवणारा हा चित्रकार रंगाला वाद्याची नावे देत बसला नाही. दोन सूर एकाच वेळी चालतात तशा दोन गती एका चित्रात कशा चालवाव्यात, याचा त्याने ध्यास घेतला, आणि 1932 च्या आपल्या एका थोर चित्राला स्वरसंगतीवरील जुन्या पाठ्यग्रंथावरून ‘आद पार्नासुम’ हे नाव दिले. या दोघांची चित्रे डिसेंबर 1922 मध्ये कलकत्त्यास, बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या प्रदर्शनात, हिंदी रसिकांनी पाहिली होती.

क्लेचा मोठा परिणाम ज्याच्यावर झाला तो आपला वासुदेव गायतोंडे. मूळ गोव्याचे कुटुंब, जन्म 1924 चा नागपुरातला, बालपण गिरगावच्या चाळीवाडीतले, आणि शिक्षण सर ज. जी. कलाशाळेत, 1948 पर्यंत. मुंबईच्या वॉर्डन रोडवर, समुद्राला लागून असलेल्या भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात, त्यांच्या मृत्यूनंतर मधुरी देसाई यांच्या पुढाकाराने आणि सोली बाटलीवालांच्या देखरेखीखाली जी संस्था चालली, तिने नाममात्र भाड्याने चित्रकारांना खोल्या दिल्या. तेथे गायतोंडे होते, हुसेन होते, दशरथ पटेल होते, प्रफुल्ला डहाणूकर होत्या. तरुण नसरीन मोहमदी तिथेच काम करीत होती. इब्राहिम अल्काझींच्या नाटकांच्या तालमी तिथे चालत, आणि पंडित रविशंकरांची ‘किन्नर’ ही संगीतशाळाही तिथे होती. एका छपराखाली सतारीचा रियाज आणि रंगाचा रुळ दोन्ही चालू, असे दृश्य महाराष्ट्रात त्यापूर्वी नव्हते आणि त्यानंतरही फारसे दिसलेले नाही. ती वास्तू आज उरलेली नाही.

गायतोंडे हे भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही अभिजात संगीताचे निस्सीम भोक्ते होते. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेणे त्यांना रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, एवढेच ते म्हणत. तैलरंग पातळ करून, रुळाने आणि सुरीने, थरावर थर चढवायचे, मधूनच कागदाचा तुकडा दाबून रंग उचलून घ्यायचा, आणि खालचा प्रकाश वर येऊ द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. बाकीचा काळ वाट पाहण्याचा. त्यांच्या चित्रासमोर उभे राहिले असता आरंभी एक धूसर पृष्ठभाग दिसतो. थोड्या वेळाने त्यात एक आडवी सीमा जाणवते. आणखी काही वेळाने त्या सीमेपाशी एक आकार वर येऊ लागतो, जो मघाशी तेथे होता याची खात्री देता येत नाही. विलंबित आलापात मंद्र सप्तकातून एकेक स्वर वर येतो, पुढचा स्वर कधी लागेल हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते, आणि तो लागल्यावर मात्र तो तेथेच असणे अटळ वाटते. त्या अनुभवाशी या पाहण्याचे नाते आहे. नसरीन मोहमदीच्या कागदावरील पेन्सिलीच्या बारीक रेषा, ज्या ठरावीक अंतराने जाता जाता मध्येच विरळ होतात, त्यांतही असेच काळाचे मोजमाप आहे.

या पिढीतील अकबर पदमसींनी तर चित्राला प्रत्यक्ष काळात आणून पाहिले. नेहरू शिष्यवृत्तीच्या आधारे 1969 पासून मुंबईत त्यांनी चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटवाले यांची जी कार्यशाळा चालवली, तीत त्यांनी रेषा आणि बिंदू यांच्या शेकडो रेखनांतून ‘सिझिजी’ हा चित्रपट केला. तो मूक आहे. आकृत्या जुळतात, विस्कटतात, पुन्हा जुळतात, आणि ध्वनीचा लवलेश नाही. मला तो चित्रपट या इतिहासातला फार महत्त्वाचा टप्पा वाटतो. कारण चित्रात लय असते हे त्याने ध्वनीची कुबडी न घेता सिद्ध केले, आणि पुढे येणाऱ्या ध्वनिकलावंतासाठी जागा मोकळी ठेवली.

त्या जागेवर परदेशांत जे काम झाले त्यातले सर्वांत निष्ठेचे काम संगीतकार मॉर्टन फेल्डमनचे. मार्क रॉथ्कोची चौदा काळपट, जवळजवळ निराकार चित्रे ज्या अष्टकोनी प्रार्थनागृहात टांगलेली आहेत, त्या ह्यूस्टनच्या वास्तूसाठी फेल्डमनने 1971 मध्ये रचना केली, आणि पुढच्या वर्षी ती तिथेच सादर झाली. रॉथ्को त्यापूर्वीच, 1970 मध्ये, मृत्यू पावला होता. वृंदगानाचे शब्दहीन, लांबलेले स्वर त्या दालनाच्या कडेकडेने पसरतात, मध्ये नगाऱ्याचा अस्फुट आघात येतो, आणि अखेरीस व्हायोला एक सरळ धून वाजवते, जी फेल्डमनने किशोरवयात रचली होती. रंगाचे भाषांतर तेथे कोठेही नाही. 2015 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने सहा संगीतकार आणि ध्वनिकलावंतांना आपल्या संग्रहातील एकेक चित्र निवडून त्याला ध्वनी द्यायला सांगितले, तेव्हा सूझन फिलिप्सने होल्बाइनच्या दोन राजदूतांच्या सुप्रसिद्ध चित्रातील ल्यूट या वाद्याची तुटलेली तार हेरली, आणि व्हायोलिनच्या सुट्या, एकमेकांपासून दूर ठेवलेल्या स्वरांतून ती रचना केली. चित्र अमूर्त नव्हते. परंतु तिने चित्राची गोष्ट सांगितली नाही, त्यातला एक ताण ऐकला. क्रिस वॉट्सनने एका फिनिश सरोवराच्या चित्रासाठी निसर्गातले आवाज आणले. ते श्रवणीय होते, पण पाहणाऱ्याला जे आधीच सुचले असते तेच त्यांनी सुचवले, असे मला वाटते.

येथवर जे पाहिले त्यावरून माझा अभिप्राय असा की, चित्राला नाद देण्याच्या कामी कोशाचा उपयोग नाही, मग तो कोश शार्ङ्गदेवाचा असो की कांडिन्स्कीचा. अलीकडे संगणकाकडून चित्रातील रंगांची मापे घेऊन त्यांचे थेट स्वर बनवण्याचे प्रयोग होतात, ते या जुन्या तक्त्याचीच पुनरावृत्ती आहेत, आणि त्यांतून कुतूहलापलीकडे काही हाती लागत नाही. चित्र पाहायला जो काळ लागतो तो काळ ज्याने स्वतः त्याच्यासमोर घालवला आहे, आणि कोणती गोष्ट आधी दिसली, कोणती उशिरा, कोणती दिसून मावळली, हे ज्याच्या ध्यानात राहिले आहे, त्यालाच त्या चित्राचा नाद सापडतो. रागमालेच्या चितारीने प्रहर आणि ऋतू सांगितला, लावणीच्या कलावंतिणीने एका ओळीत दहा अर्थ काढले, गायतोंड्यांनी थरांमध्ये वाट पाहिली. या तिघांच्याही कामाचे द्रव्य काळ हेच होते. आपल्या आलापगायकांच्या आणि बीनकारांच्या हाती ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तरीही अमूर्त चित्रासमोर बसण्यासाठी आपण त्यांना क्वचितच बोलावले आहे.

मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ज्या इमारतीत 1996 मध्ये सुरू झाले, ती सर कावसजी जहांगीर सभागृहाची इमारत त्यापूर्वी कित्येक दशके सभांची आणि संगीताच्या मैफलींची जागा होती. अशा वास्तूंच्या चालकांना, आणि पुण्याच्या कलादालनांनाही, माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी एका संध्याकाळी एखाद्या अमूर्त चित्रासमोर सतरंजी अंथरावी, एका वादकाला किंवा गायकाला आधी तासभर ते चित्र नुसते पाहू द्यावे, मग तानपुरा जुळवू द्यावा, आणि रागाचे नाव श्रोत्यांना अगोदर सांगू नये.